बंकर दाखवणाऱ्यांनो, ते खोदणाऱ्यांचंही सांगा

प्रति,
जुनी लष्करी भुयारं, बंकर आणि जमिनीखालचे किल्ले लोकांना उघडून दाखवणारे सगळे जण, म्हणजे संग्रहालयवाले, गाईड, स्वयंसेवक आणि तिथे टूर घेऊन जाणारे

नमस्कार,

थेट मुद्द्यावर येतो. तुमच्याकडे तिकीट काढून आत शिरलं की पहिल्या दहा मिनिटांत आम्हाला छताच्या काँक्रीटची जाडी कळते, दरवाजाचं वजन कळतं, तोफेचा पल्ला कळतो, कुठल्या सेनापतीची खोली कुठली आणि त्याचं टेबल कुठे होतं तेही कळतं. पण हा डोंगर पोखरला कोणी, दगड उपसला कोणी, त्या माणसाला खायला काय मिळत होतं, तो झोपत कुठे होता आणि शेवटी जिवंत बाहेर आला का, हे बहुतेक ठिकाणी विचारल्याशिवाय कळत नाही. विचारलं तरी धड उत्तर मिळेलच याची खात्री नाही. एका ठिकाणी मी विचारलं तर गाईड म्हणाला "वर्कर्स होते" आणि पुढच्या दालनाकडे वळला. हे पत्र तेवढ्यासाठीच लिहितोय.

आधीच सांगतो, मी तुमच्या विरोधात अजिबात नाही, उलट कुठेही फिरायला जायचं ठरलं की मी आधी त्या गावाच्या खाली काय आहे ते शोधतो. वर ऊन असतं आणि खाली पाऊल टाकलं की दोन मिनिटांत अंगावर काटा येतो इतका गारवा, ओल्या दगडाचा वास, पुढच्या माणसाच्या पाठीशिवाय काही न दिसणं, हे सगळं मला मनापासून आवडतं. आणि तुमच्यातले कितीतरी जण हे काम पगाराशिवाय करतात हेही मला माहितीये. फ्रान्सच्या माजिनो लाइनवरचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधी जर्मन सीमेवर बांधलेल्या तटबंदीतला, हॅकेनबर्ग किल्ला घ्या, जमिनीखाली जवळपास १० किलोमीटरच्या गॅलऱ्या, दारूगोळा न्यायला विजेवरची छोटी रेल्वे, हजारभर सैनिकांची राहायची सोय, आणि ती रेल्वे आजही चालते, तोफेचा घुमट आजही वर उचलून फिरवून दाखवतात. हे सगळं स्वयंसेवकांनी सुट्टीच्या दिवसांत तेल-ग्रीस लावून जपलंय. एवढी मेहनत घेणाऱ्या माणसांबद्दल मला आदरच आहे, आणि म्हणून तर वाटतं की यंत्रासाठी जेवढा जीव टाकता त्यातला थोडा माणसासाठीही टाका.

भुयार कसं खोदतात ते एकदा डोळ्यांसमोर आणा. खडकात ड्रिलने हातभर-दोन हात खोल भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, सुरुंग उडवायचा, धूर आणि धूळ पुरती खाली बसायच्या आतच माणसं परत आत पाठवायची, छताला सुटून लोंबणारे दगड पहारेने पाडायचे, खाली पडलेला दगड हाताने उचलून डब्यात भरायचा, डबा रुळांवरून ढकलत बाहेर न्यायचा, रिकामा करून परत आणायचा आणि पुन्हा भोकं. मध्ये मध्ये लाकडी टेकू लावायचे. घाई असली की टेकू उशिरा लागतात आणि छत आधी येतं. कोरडं ड्रिलिंग केलं की ती बारीक धूळ छातीत जाऊन कायमची बसते. तुमच्या भिंतींवर हे सगळं अजून दिसतं, अर्धवट राहिलेल्या टोकाला टॉर्च तिरकी धरली की ड्रिलच्या भोकांचे अर्धे अर्धे नळीसारखे चर एका रांगेत दिसतात. प्रत्येक चर म्हणजे कुणाच्या तरी हातांनी धरलेलं यंत्र. आणि टूर तिथून "हा भाग अपूर्ण राहिला" एवढंच म्हणून पुढे निघून जाते!

आता जर्मनीतल्या नॉर्डहाउझनजवळच्या कोनश्टाइन डोंगराचं बघा. ऑगस्ट १९४३ पासून बुखेनवाल्ड छळछावणीतले कैदी तिथे आणले, नाझींना व्ही-२ या युद्धात मारा करायच्या रॉकेटचा कारखाना डोंगराच्या पोटात बसवायचा होता म्हणून. सुरुवातीचे कित्येक महिने त्या माणसांना राहायला बाहेर बराकीसुद्धा नव्हत्या, ती भुयारातच झोपायची, एकावर एक लाकडी फळ्यांवर, शेजारच्या दालनात सुरुंग उडत असताना, आणि संडास म्हणून मधोमध कापलेली पिंपं. तिथे उभ्या राहिलेल्या मित्तेलबाऊ-डोरा या छावणीसमूहात जवळपास ६०,००० कैदी आणले गेले आणि त्यातले सुमारे २०,००० मेले. व्ही-२ च्या माऱ्यात जेवढे लोक मेले त्यापेक्षा जास्त ते रॉकेट बनवायला लावलेल्या या छावण्यांत मेले. हे वाक्य मी प्रत्येक रॉकेट म्युझियममध्ये, प्रत्येक व्ही-२ च्या मॉडेलशेजारी मोठ्या अक्षरात लावलेलं बघू इच्छितो, कारण तांत्रिक बाजू सांभाळणारे वर्नर फॉन ब्राउन पुढे अमेरिकेत जाऊन चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटसाठी नावाजले गेले हे सगळ्यांना पाठ आहे, आणि डोंगरातली ती माणसं कुणालाच नाहीत. डोराच्या स्मारकवाल्यांनी मात्र हे काम मन लावून केलंय, तिथे भुयाराचा थोडाच भाग बघायला मिळतो, पण गोष्ट कैद्यांपासून सुरू होते आणि कैद्यांवरच राहते. म्हणजे जमतं हे.

फ्रान्समधलं ल कुपोल दुसरं उदाहरण. साँत-ओमेरजवळ, चुनखडीच्या खाणीवर जर्मनांनी बांधलेला ७२ मीटर व्यासाचा आणि ५ मीटर जाडीचा काँक्रीटचा घुमट, खाली रॉकेट सोडायची तयारी. पर्यटकाच्या तोंडून "बाप रे" निघायला एवढं पुरेसं आहे, पण ते तिथे थांबले नाहीत. त्यांच्या संशोधकांनी फ्रान्समधून डोराला धाडलेल्या सुमारे ९,००० माणसांची एकेकाची चरित्रं गोळा केली. कोण कुठल्या गावचा, काय काम करायचा, का पकडला, पुढे काय झालं. घुमट तिथला आणि माणसं दुसऱ्या देशातल्या डोंगरात मेलेली, तरी त्यांनी तो धागा सोडला नाही. मला वाटतं बंकर दाखवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी त्या कामाकडे बघावं.

आणि याच्या अगदी उलट काय होतं तेही सांगतो. पोलंडच्या नैऋत्येला सोव्हिए डोंगरात नाझींनी १९४३ ते १९४५ मध्ये रीझे नावाखाली भुयारांची मालिका खोदायला घेतली. ग्रोस-रोझेन छावणीचे कैदी, सगळे ज्यू, बरेचसे हंगेरी आणि पोलंडचे, सुमारे १३,००० माणसं तिथल्या छावण्यांतून गेली आणि अंदाजे ५,००० मेली. भुयारं पुरी झालीच नाहीत, ती नक्की कशासाठी होती यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही, काही भागात पाणी भरलंय आणि त्यातून होडीने फिरवतात. आणि २०१५ मध्ये दोघा जणांनी जाहीर केलं की जवळच्या वाउब्झिख शहरापाशी सोन्याने भरलेली नाझी ट्रेन पुरलेली आहे. मग काय, जगभरचे कॅमेरे तिथे! मेटल डिटेक्टर घेऊन लोक रानात शिरायला लागले, २०१६ च्या ऑगस्टमध्ये रीतसर खोदकाम झालं आणि काहीही निघालं नाही, ट्रेन नाही, रूळ नाही, बोगदा नाही. आजही त्या भागाचं नाव काढलं की लोक पहिलं सोन्याचंच विचारतात. पाच हजार माणसं खरी मेलेली आहेत आणि आपण नसलेल्या ट्रेनबद्दल बोलतोय, याचं मला खरंच वाईट वाटतं. पर्यटकाला रहस्य आवडतं हे मान्य, मलाही आवडतं, पण रहस्य आधी आणि माणसं शेवटी जमलं तर, असा क्रम लावू नका. आधी माणसं सांगा, मग भुयार कशासाठी होतं याचे तर्क सांगा, आम्ही दोन्ही ऐकू.

भुतांच्या टूरबद्दलही एकदाचं बोलून घेतो. काही ठिकाणी रात्री भुयारात नेतात, दिवे घालवतात, कुठूनतरी किंचाळण्याचा आवाज सोडतात आणि इथे अमुक कैदी फिरतो म्हणून सांगतात. अहो, तो माणूस जिवंत असताना त्याला कुणी विचारलं नाही आणि मेल्यावर त्याचा असा खेळ करताय? त्याच्या घरचे कुणी त्या ग्रुपमध्ये असतील तर त्यांनी काय करायचं? मला यात गंमत दिसत नाही आणि कमाई कितीही होत असली तरी हे बंद करावं अशी माझी हात जोडून विनंती आहे.

जर्सी बेटाचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. इंग्लिश खाडीतलं ते बेट जर्मनांनी १९४० मध्ये घेतलं आणि १९४१ पासून तिथे टेकडीच्या पोटात भुयारं खोदायला लागले. ऑर्गनायझेशन टोड्ट या बांधकाम संघटनेने आणलेली माणसं, त्यात स्पेनच्या यादवीत हरलेले रिपब्लिकन होते, पोलिश, फ्रेंच, आणि ज्यांचे सगळ्यात जास्त हाल झाले ते सोव्हिएत संघातून, बरेचसे युक्रेन-रशियातून पकडून आणलेले. हे भुयार दारूगोळ्याच्या साठ्यासाठी आणि कार्यशाळा म्हणून सुरू झालं, मग मध्येच त्याचं हॉस्पिटल करायचं ठरलं, आणि ९ मे १९४५ ला बेट मोकळं झालं तेव्हाही अर्धवटच होतं. आज जर्सी वॉर टनेल्स म्हणून बघायला मिळतं आणि त्यातला एक अपूर्ण भाग तसाच ठेवलाय, खडबडीत कातळ, कोसळलेले दगड, लाकडी टेकू. गुळगुळीत पांढऱ्या वॉर्डांतून चालत येऊन एकदम तो भाग समोर आला की काही सांगावं लागत नाही. आणि त्या बेटावरची माणसंही सांगतात, लुईझा गूल्ड नावाच्या बाईंनी पळून आलेल्या एका सोव्हिएत कैद्याला घरात लपवलं, चहाडी झाली, १९४४ मध्ये त्यांना पकडलं आणि १९४५ मध्ये रावेन्सब्र्युक छावणीत त्यांचा जीव गेला. आता मला सांगा, ही गोष्ट ऐकल्यावर काँक्रीटची जाडी कुणाच्या लक्षात राहणार?

शेजारच्या ऑल्डर्नी बेटावर तर अशा चार छावण्या होत्या. तिथे किती जण मेले यावरून वर्षानुवर्षं वाद चालला, मग ब्रिटिश सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी कागदपत्रं तपासून २०२४ मध्ये सांगितलं की आकडा बहुधा ६४१ ते १,०२७ च्या दरम्यान असावा. ऐंशी वर्षांनी का होईना पण कुणीतरी बसून मोजलं. तुम्ही म्हणता ना "आमच्याकडे नोंदी नाहीत", तेव्हा मला हे आठवतं. नोंदी एका जागी नसतात, चार देशांच्या दप्तरखान्यांत विखुरलेल्या असतात, आणि कुणीतरी त्या मागवाव्या लागतात.

नोंदी असूनही न सांगण्याचा प्रकार मात्र वेगळा आणि त्याचा मला राग येतो. जपानमधलं मात्सुशिरो. युद्ध हरत चाललंय दिसल्यावर सम्राट, सरकार आणि लष्करी मुख्यालय टोकियोतून हलवून नागानोजवळच्या डोंगरांत न्यायचं ठरलं आणि नोव्हेंबर १९४४ ते ऑगस्ट १९४५ एवढ्या काळात जवळपास १० किलोमीटर भुयारं खोदली. नऊ महिन्यांत! खोदणाऱ्यांत हजारो कोरियन मजूर होते. झोझान डोंगरातलं साधारण ५०० मीटर भुयार आज हेल्मेट घालून बघता येतं, खडकात अडकून तसाच राहिलेला ड्रिलचा गजही दाखवतात. भिंतीवर देगू या कोरियातल्या शहराचं नाव लिहिलेलं सापडलं, म्हणजे कुणीतरी तिथे काळोखात उभं राहून आपल्या गावाचं नाव लिहिलं. आणि २०१४ मध्ये काय झालं, तर प्रवेशद्वारापाशी लावलेल्या माहितीफलकावर मजुरांना सक्तीने आणल्याचा जो उल्लेख होता तो शहराच्या प्रशासनाने टेप चिकटवून झाकला. बोंब झाल्यावर मजकूर बदलला, आणि सक्ती झाली असं म्हणतात पण सगळ्यांवर झाली नसावी असंही मत आहे, अशा धर्तीवर नवीन फलक आला. टेप लावायला पाच मिनिटं लागली असतील. तो गज मात्र ऐंशी वर्षं हललेला नाही.

पण त्याच मात्सुशिरोची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती सगळ्यांना उमेद देणारी आहे. १९८० च्या दशकात नागानोच्या एका हायस्कूलची मुलं सहलीला जपानच्याच दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावर गेली, तिथली युद्धाची भुयारं बघितली, आणि परत आल्यावर त्यांना कळलं की आपल्या स्वतःच्या गावाखाली पण असं काहीतरी आहे आणि कुणी बोलत नाही. मुलांनी म्हाताऱ्या माणसांना भेटून विचारायला सुरुवात केली, माहिती जमवली, शहराकडे अर्ज केला की हे जपा आणि लोकांना दाखवा. त्यातूनच पुढे भुयार उघडलं. शाळकरी मुलांना जे जमलं ते कायमस्वरूपी कर्मचारी असलेल्या संग्रहालयाला जमणार नाही असं मी मानायला तयार नाही.

आता तुमच्यातले काही म्हणतील की आमच्याकडे वेठबिगार नव्हतेच, आमचं भुयार आमच्याच लोकांनी खोदलं. मग तर आणखी सोपं आहे, छाती फुगवून सांगा! जिब्राल्टरवाले सांगतात तसं. १७८२ मध्ये या ब्रिटिश ठाण्याला स्पेन आणि फ्रान्सचा वेढा पडलेला असताना हेन्री इन्स नावाच्या सार्जंट-मेजरच्या हाताखाली माणसं हातोडा, पहार आणि दारू घेऊन कड्यात घुसली, कड्याच्या एका सुळक्यावर तोफ न्यायची होती. तेरा माणसांनी पाच आठवड्यांत २५ मीटर भुयार मारलं. सुरुंगाच्या धुराने जीव गुदमरायला लागला म्हणून हवेसाठी बाजूच्या कातळात भोक पाडलं, तर समोर शत्रूचा सगळा तळ दिसायला लागला. झालं, त्या हवेच्या भोकातच तोफ बसवली आणि मग पुढे अशी भोकं पाडतच गेले. सबंध भुयाराची रचना गुदमरणाऱ्या मजुरांमुळे ठरली. पुढे दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरही खोदत खोदत त्या साडेसहा चौरस किलोमीटरच्या जागेत सुमारे ५५ किलोमीटर बोगदे झाले. मी तिथल्या तोफा विसरेन पण त्या हवेच्या भोकाची गोष्ट विसरणार नाही.

फ्रान्समधल्या आरास शहराखाली न्यूझीलंडहून आलेल्या टनेलिंग कंपनीने, त्यात खाणकामगार होते, माओरी होते, पहिल्या महायुद्धात, १९१६-१७ मध्ये, जुन्या चुनखडीच्या खाणी एकमेकींना जोडल्या आणि प्रत्येक खाणीला आपल्या देशातल्या शहराचं नाव दिलं, वेलिंग्टन, ऑकलंड, नेल्सन, डनेडिन, रस्ता चुकू नये म्हणून भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलं. वर युद्ध चालू आणि खाली २४,००० सैनिक मावतील एवढी जागा. ९ एप्रिल १९१७ च्या पहाटे तिथून थेट शत्रूसमोर बाहेर पडायचं होतं. आज वेलिंग्टन क्वारी बघताना ती रंगवलेली नावं, पेन्सिलीने काढलेले चेहरे, सगळं खडूसारख्या भिंतीवर तसंच दिसतं आणि खोदणारे कोण होते हे आधी सांगतात, सेनापती नंतर येतात.

बोस्नियातल्या साराजेवोचं भुयार तर ३० वर्षांपूर्वीचं, खोदणारे अजून हयात आहेत. १९९३, शहराला वेढा, विमानतळाच्या धावपट्टीखालून दोब्रिन्या आणि बुत्मिर अशा दोन बाजूंनी कुदळ-फावड्याने पाळ्या लावून खोदलं, सुमारे ८०० मीटर, उंची जेमतेम दीड मीटरच्या आसपास म्हणजे वाकूनच चालायचं, गुडघ्यापर्यंत पाणी, आणि मजुरी म्हणून रोजचं एक सिगरेटचं पाकीट कारण पैशाला काही किंमतच उरली नव्हती. आता त्यातला जेमतेम वीस-पंचवीस मीटरचा तुकडा चालायला मिळतो. पाठ दुखते, आणि दुखायलाच पाहिजे. व्हिएतनामच्या विन्ह मोकमध्ये गावकऱ्यांनी बॉम्बपासून वाचायला खोदलेल्या भुयारांत कुटुंबंच्या कुटुंबं राहिली, १७ मुलं जमिनीखाली जन्मली, ती प्रसूतीची खोली बघितली की समजतं की भुयार हे नुसतं सैनिकांचं नसतं. व्हिएतनाममधल्याच कु चीच्या भुयारांपाशी मात्र मला एक गोष्ट खटकते, जिथे माणसांनी कुदळ आणि टोपली एवढ्या भांडवलावर शेकडो किलोमीटर भुयारं केली तिथेच पर्यटकांना पैसे भरून खऱ्या बंदुका झाडायची सोय आहे आणि गाईड खोदकामाबद्दल सांगत असताना मागे गोळ्यांचा आवाज चालू असतो. ती रेंज दुसरीकडे हलवता येणार नाही का, एवढंच विचारतो.

मग तुम्ही नक्की काय करावं असं मला वाटतं? टूरची पहिली पाच मिनिटं खोदणाऱ्यांना द्या. शेवटची नको, शेवटी सगळ्यांना बाहेर पडायची आणि चहा-कॉफीची घाई असते. फिलिपिन्समधल्या कोरेगिडोर बेटावरचा मालिंता बोगदा घ्या, अमेरिकेच्या जनरल मॅकआर्थर यांचं मुख्यालय म्हणून सगळे ओळखतात, पण १९२२ ते १९३२ मध्ये तो खोदायला मनिलाच्या बिलिबिद तुरुंगातले कैदी लावले होते हे तोंडावरच सांगितलं तर तोच बोगदा वेगळा दिसतो. गाईडला एवढं तरी द्या की "कुणी खोदलं" म्हटल्यावर त्याला खाली मान घालावी लागणार नाही, एक पान पुरे, देश, संख्या, मजुरी होती की सक्ती, छावणी कुठे होती, मेलेल्यांना कुठे पुरलं. आकडा नक्की नसेल तर अंदाज म्हणून सांगा, कुणी तुमच्यावर रुसणार नाही. पापुआ न्यू गिनीतल्या रबौलच्या भागात तर सिंगापूर पडल्यावर पकडलेले भारतीय सैनिक जपान्यांनी कष्टाच्या कामाला जुंपले होते, जगाच्या एका टोकाची माणसं दुसऱ्या टोकाला राबून मेली आणि त्यांच्या नातवंडांना ती जागा नकाशावर दाखवता येत नाही. म्हणून खोदणारे ज्या देशांचे होते त्या त्या भाषेतही एखादा फलक लावा, तीन-चार मोठ्या भाषांच्या ऑडिओ गाईडवर थांबू नका.

दुसरं, सगळं गुळगुळीत करू नका. सुरक्षेसाठी जिथे प्लास्टर, रेलिंग, जाळी लागते तिथे जरूर लावा, डोक्यात दगड पडून घ्यायला कुणी येत नाही. पण निदान काही मीटर भिंत उघडी ठेवा आणि तिथे दिवा समोरून नको, बाजूने तिरका लावा, म्हणजे टिकावाचे घाव आपोआप दिसतात. ओकिनावातल्या नौदलाच्या भूमिगत मुख्यालयात १९४४ मध्ये टिकाव-कुदळीने खोदल्याच्या खुणा अशाच अजून दिसतात, आणि एका खोलीच्या भिंतीवर जून १९४५ मधल्या शेवटच्या दिवसांतले हातबॉम्बच्या कपच्यांचे खड्डे. दोन्ही खुणा शेजारी शेजारी, कुणी रंग फासलेला नाही, म्हणून तर ते इतकं भिडतं.

बंद भुयारांबद्दल थोडं. तुम्ही जाळीचं दार लावून "प्रवेश बंद" लिहिता आणि विषय संपवता, मग पोरं कुलूप तोडून आत शिरतात आणि व्हिडिओ टाकतात. त्यापेक्षा का बंद आहे ते लिहा की. आत ऑक्सिजन कमी असू शकतो आणि तो कमी झालेला कळत नाही, माणूस एकदम खाली बसतो. न फुटलेला दारूगोळा असू शकतो. खाली उभी विहीर असू शकते जी पाण्याखाली दिसत नाही. आणि पोलंडच्या निएतोपेरेकसारख्या ठिकाणी ३० किलोमीटरच्या जुन्या जर्मन तटबंदीत हिवाळ्यात तीस हजारांच्या वर वटवाघळं झोपलेली असतात, त्यांना एकदा जागं केलं की साठवलेली चरबी जळते आणि ती वसंतापर्यंत टिकत नाहीत. हे वाचल्यावर माझ्यासारखा माणूस कुलपाला हात लावणार नाही, उलट दुसऱ्यालाही अडवेल.

आणि एक शेवटची गोष्ट, जी उद्यापासून करता येईल आणि जिला खर्च जवळजवळ नाहीच. तुमच्याकडे बाहेर पडताना अभिप्रायाची वही असते, त्यात आम्ही "छान", "थंडी होती", "गाईड चांगला" असं लिहितो. तिच्या शेजारी दुसरी एक वही ठेवा, ज्यांच्या घरातलं कुणी इथे राबलं असेल त्यांच्यासाठी. नाव, गाव, कधी नेलं, परत आला का, फोटो असेल तर त्याची प्रत. पलीकडच्या देशातून एखादी म्हातारी फक्त तेवढ्यासाठी आलेली असते आणि ती तिकीट खिडकीवर काही बोलत नाही, सगळ्यांबरोबर टूर करून निघून जाते. तिला विचारणारं कुणीतरी दारात बसवा, आणि ती वही कपाटात ठेवू नका, वर्षाच्या शेवटी त्यातली नावं बघून दप्तरखान्यांना पत्रं लिहा. कुणी हे आधीच करत असेल तर मला कळवा, मी तिथे येईन आणि येताना आणखी चार जणांना घेऊन येईन.

तुमचा,
जमिनीखाली उतरायला कायम तयार असलेला एक भटक्या